अस्वल, दोन सेकंद आणि एक पिस्तूल

जंगलात जाताना कमरेला कुठली बंदूक लावावी आणि तिचं कॅलिबर काय असावं, हा प्रश्न आपल्या होस्टेलवर कुणाला पडायचं काही कारण नाही. आपल्याकडे अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाणं हाच मुळी गुन्हा आहे. पण अलास्कात हा प्रश्न बूट कुठले घ्यावेत इतका रोजचा आहे, कारण तिथं ग्रिझली अस्वलं आहेत.

माझा चुलत भाऊ तिथं जिऑलॉजिस्ट आहे. उन्हाळाभर नदीनाल्यांतून दगड गोळा करत हिंडणं हे त्याचं काम. इतकी वर्षं तो आधी विद्यार्थी आणि मग नोकरीच्या व्हिसावर होता. अशा व्हिसावरच्या परदेशी माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही (शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडून). आता ग्रीन कार्ड झालं, आणि येत्या जूनमध्ये फक्त दोघांच्या तुकडीत त्याला जायचंय. काकूचं म्हणणं एकच, नोकरी सोड! दादानं मला मेल टाकला, "तू मेकॅनिकलची ना? गणित करून सांग." तेच गणित इथं देते. मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.

कॅलिबर म्हणजे ढोबळपणे गोळीचा व्यास. ढोबळपणे अशासाठी की ही नावं इतिहासाच्या लहरीनं पडलेली आहेत. ०.४४ मॅग्नमची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ इंच, म्हणजे १०.९ मिमी भरते. ०.३५७ मॅग्नम आणि ९ मिमी यांच्या व्यासात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही फरक नाही, तरी एक दुसऱ्यापेक्षा खूपच जोरदार आहे. तेव्हा नुसत्या व्यासावर जाऊ नका. गोळीचं वजन आणि वेग बघा.

नेहमीच्या काडतुसांचे आकडे साधारण असे. ९ मिमीची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर, ऊर्जा सुमारे ४९० ज्यूल. ०.३५७ मॅग्नम १०.२ ग्रॅम, ३८० मीटर, ७४० ज्यूल. १० मिमी ऑटो १३ ग्रॅम, ३६५ मीटर, ८६५ ज्यूल. ०.४४ मॅग्नम १५.५ ग्रॅम, ४१० मीटर, १३०० ज्यूल. हे वाचून कुणीही म्हणेल, झालं की, ०.४४ घ्या आणि विषय संपवा. सिनेमातही तसंच दाखवतात, गोळी लागली की माणूस उडून काचेतून बाहेर!

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. धक्का किती बसणार हे ऊर्जेवर नाही, संवेगावर ठरतं. संवेग म्हणजे आपलं मोमेंटम. ०.४४ च्या गोळीचा संवेग येतो ६.४ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटरनं टाकला तर त्याचा संवेग येतो ६.२. म्हणजे जवळजवळ तेवढाच! मी तीनदा कॅल्क्युलेटर दाबला. ३०० किलोचं अस्वल उभं असेल आणि ही गोळी त्याच्यात रुतून बसली, तर ते मागे सरकेल सेकंदाला २ सेंटीमीटरनं. आणि ते उभं नसतं. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. त्याचा संवेग ४५०० आणि आपल्या गोळीचा ६.४. कमरेला लावता येईल अशी कुठलीच बंदूक अस्वलाला ढकलून थांबवत नाही.

मग ते थांबतं कशानं? एकतर गोळी मेंदूत किंवा मणक्यात गेली तर जागच्या जागी. नाहीतर दुखापतीनं, आवाजानं बिचकून ते वळतं. हृदयात गोळी लागली तरी धावतं अस्वल काही सेकंद धावतच राहतं, आणि आपल्याकडे तेवढे सेकंद नसतात. म्हणून गोळी जाड चरबी, स्नायू आणि हाड भेदून खोल जायला हवी. शहरात स्वसंरक्षणासाठी वापरतात ती पोकळ टोकाची गोळी आत गेल्यावर फुलते आणि लवकर थांबते. ती इथं नको. इथं हवी टणक शिशाची, चपट्या टोकाची, न फुलणारी गोळी. अशी गोळी किती खोल जाईल याचा अंदाज वजन भागिले छेदाचं क्षेत्रफळ यावरून येतो. वरच्या गोळ्यांसाठी ०.४४ चा आकडा येतो चौरस सेंटीमीटरला १६.६ ग्रॅम, १० मिमीचा १६. ऊर्जेत दीडपट फरक आणि इथं जेमतेम चार टक्के! ०.४४ मध्ये याहून जड गोळ्या मिळतात, पण मग धक्काही वाढतो.

खरी गोम तिथंच आहे. अस्वल ३० मीटरवर झुडपातून निघालं तर हातात दोन सेकंद. त्यात ओळखायचं, पिस्तूल काढायचं, नेम धरायचा, आणि एक गोळी चुकली तर दुसरी झाडायची. न्यूटनचा तिसरा नियम लावला तर १.२ किलोचं ०.४४ रिव्हॉल्व्हर हातात मागे येतं ते कमीत कमी १७ ज्यूल घेऊन. भरलेलं १० मिमी पिस्तूल साधारण १० ज्यूल, ९ मिमी पाचाच्या आत. दादा सडपातळ आहे, आयुष्यात हातोडीखेरीज काही धरलेलं नाही. पहिल्या धक्क्यानं नळी आभाळाकडे गेली की दुसरी गोळी कधी सुटणार?

रिव्हॉल्व्हरची बाजूही सांगायला हवी. ते साधं असतं, आणि अस्वल अंगावर आल्यावर नळी त्याच्या अंगाला टेकवूनही झाडता येतं. पिस्तुलाची स्लाइड तशी दाबली जाऊन मागे सरकली तर ते झडतच नाही. पण रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या सहा आणि १० मिमीच्या ग्लॉक २० मध्ये पंधरा. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारं डॅनिश सैन्याचं सिरिअस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच पिस्तूल बाळगतं. आणि २०१६ मध्ये फिल शूमेकर या अलास्कातल्या अनुभवी गाईडनं चाल करून आलेलं अस्वल चक्क ९ मिमीनं थांबवलं, टणक गोळ्या वापरून. यावरून ९ मिमी पुरतं असं कुणी समजू नये. तो हात अनेक वर्षांच्या सवयीचा होता.

माझा कौल १० मिमीला. आणि ते कमरेला नको, छातीवरच्या होल्स्टरमध्ये हवं, कारण सॅकचा पट्टा नेमका कमरेवर येतो आणि नदी ओलांडताना कंबर पाण्यात जाते.

पण मेलमध्ये मी सगळ्यात वर लिहिलं ते दुसरंच. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या घटना तपासल्या. २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या स्प्रेनं तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा थांबली, आणि स्प्रे बाळगणारे ९८ टक्के लोक सुखरूप राहिले. २०१२ मध्ये त्यांनी बंदुकांच्या २६९ घटना पाहिल्या. हँडगन ८४ टक्के वेळा उपयोगी पडली, पण बंदूक वापरणारे आणि जवळ असून न वापरणारे यांच्या इजांमध्ये फरक सापडला नाही. कारण आपल्याला कळतं ना? स्प्रेचा ढग पसरतो, त्याला मिलिमीटरचा नेम लागत नाही. त्याचे तोटेही आहेत. पल्ला सात-दहा मीटर, वारा उलटा असला तर आपल्याच डोळ्यात, आणि थंडीत डब्यातला दाब उतरतो. म्हणून दोन्ही न्यावं, पण हात आधी स्प्रेकडे जावा.

दादानं १० मिमी घेतलंय आणि दर शनिवारी रेंजवर जातो. काडतुसांचा खर्च बघून तो हबकलाय, पण सरावाशिवाय ते पिस्तूल म्हणजे एक किलोचं ओझं. काकूला आम्ही फक्त स्प्रेबद्दल सांगितलंय.

त्याला शेवटी एक गोष्ट आठवणीनं कळवली. विमानात रिकामं पिस्तूल कुलूपबंद कडक पेटीत घालून, सांगून, चेक-इन सामानात नेता येतं. अस्वलाचा स्प्रे मात्र हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तो तिथं उतरल्यावर दुकानातून घ्यायचा, आणि उडवायची मुदत डब्यावर छापलेली असते ती बघून.