कूस बदला, जखम टाळा

लकवा, मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर किंवा म्हातारपणामुळे जो माणूस स्वतः हलू शकत नाही, त्याच्या अंगावर पडून राहिल्याने जखमा होतात. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरू लागते. त्यात घाम, लघवी आणि मधुमेह असला की जखम लवकर होते. हे कर्माचे भोग नव्हेत, टाळता येणारी गोष्ट आहे.

रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे व डोक्याची मागची बाजू पाहा. पुस्तकात "लाल डाग" लिहिलेले असते. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही. आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट, गरम, टणक, दुखरी जागा म्हणजे धोक्याची खूण. तिथे चोळू नका आणि त्या कुशीवर झोपवू नका.

काय करावे

१. साध्या गादीवर दर दोन तासांनी कूस बदला: डावी, पाठ, उजवी. वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहा. रात्री किती वेळाने बदलायचे, ते कातडी पाहून सिस्टरांना विचारून ठरवा.
२. कुशीवर पूर्ण आडवे करू नका. पाठीमागे उशी किंवा गोधडीची घडी लावून थोडे कलते ठेवा.
३. पोटरीखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहू द्या. गोल चुंबळीवर बसवू नका, कडेने दाब वाढतो.
४. ओढू नका. खाली चादरीची घडी घालून दोघांनी उचला.
५. खुर्चीवर बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी भार हलवावा.
६. कातडी कोरडी ठेवा. उन्हाळ्यात उघड्या प्लॅस्टिकवर झोपवू नका.
७. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, पुरेसे पाणी द्या. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारा.

हवेची गादी मिळाली तरी कूस बदलावीच लागते.

कातडी फुटली तर हळद, राख, पावडर भरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. काळे मांस, घाण वास, पू किंवा ताप असेल तर खामगावच्या सामान्य रुग्णालयात न्या. गरज पडल्यास १०८ ला फोन करा.

आता खरी अडचण. पिंपळगाव राजासारख्या गावात सोयाबीन-कपाशीच्या हंगामात घर सकाळीच मजुरीला जाते. म्हातारी माय संध्याकाळपर्यंत एकाच कुशीवर. सगळा भार एकट्या सुनेवर टाकून हे काम होत नाही. मुलगा, जावई, नातू यांनीही पाळी घ्यावी. विहारातल्या महिला मंडळाने अशा घरांची यादी करून दुपारच्या दोन फेऱ्या वाटून घ्याव्यात.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतले. तथागतांनी डोक्याकडून, आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलून खाटेवर ठेवले. बाबासाहेबांनी ही हकिकत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मुद्दाम दिली आहे. वंदनेनंतर बस्तीत असा माणूस कोण आहे, हे आपण एकमेकांना विचारू या आणि आजच पाळी ठरवू या.