करंट पडद्यावर पाहायचा तर खर्च किती?

तळेघरसारख्या गावात मोटर, इन्व्हर्टर, सोलर पंप दुरुस्त करणारा माणूस डिजिटल ऑसिलोस्कोप घ्यायला निघाला की फक्त यंत्राची किंमत विचारतो. इथेच हिशेब फसतो. ऑसिलोस्कोपला करंट कळत नाही, व्होल्टेज कळतो. करंटचा व्होल्टेज करून देणारा शंट किंवा क्लॅम्प वेगळा घ्यावा लागतो.

आधी गरज तपासा. भातगिरणीची मोटर चालताना किती अँपिअर घेते एवढंच पाहायचं असेल, तर दोन-चार हजारांचा टाँग टेस्टर पुरे. 5 एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण भाराला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. थेट स्टार्टरवर सुरू होताना मात्र सहा-सात पट. तो झटका क्षणात ओसरतो. साध्या टेस्टरवर तो हाती लागत नाही, स्कोपच्या ‘सिंगल’ बटणावर पडदाभर गोठून राहतो.

दोन चॅनेलचा टेबलावरचा नवा स्कोप साधारण पंचवीस ते चाळीस हजारांना पडतो. हातातले खेळण्यासारखे स्कोप चार-पाच हजारांतही मिळतात; शिकायला ठीक, धंद्याला नाही.

बॅटरीच्या बाजूला शंट स्वस्त पडतो, काही शे रुपयांत काम होतं. पण तो नीट निवडा. 12 व्होल्टच्या इन्व्हर्टरला 50 अँपिअर जात असताना 0.1 ओहमचा रेझिस्टर घातला, तर त्यातच 5 व्होल्ट पडतील आणि 250 वॅटची शेगडी होईल. त्याऐवजी 50 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणारा पितळी ठोकळ्यांचा शंट घ्या आणि तो निगेटिव्ह वायरीत बसवा.

घरातल्या किंवा गिरणीतल्या लाइनवर शंट नको. स्कोपच्या प्रोबचा काळा चिमटा आतून अर्थिंगला जोडलेला असतो. तो फेजला लागला की थेट शॉर्ट. प्लगची अर्थपिन काढून ‘जुगाड’ करणारे आहेत. मग स्कोपचा उघडा धातूच जिवंत होतो. इथे क्लॅम्पच हवा. फक्त एसी मोजणारा स्वस्त पडतो; एसी-डीसी दोन्ही मोजणारा, 20 किलोहर्ट्झपर्यंतचा, पाच ते दहा हजारांना. मोटरला तो पुरतो, पण इन्व्हर्टरच्या आतल्या वेगवान स्विचिंगला नाही. त्यासाठीचे नामांकित कंपन्यांचे प्रोब लाखाच्या घरात जातात. तिकडे बघूही नका.

क्लॅम्प एकाच वायरीभोवती लावा. जाणारी-येणारी दोन्ही आत घेतली तर शून्य दिसेल. करंट फारच कमी असेल तर वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला दहाने भागा.

खरेदीला पुण्यातल्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा. भाव वर-खाली होतात, म्हणून 18 टक्के जीएसटीसकट दर विचारा, पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या, क्लॅम्प दुकानातच लावून पाहा. महिन्याला असं एखादंच काम येत असेल, तर टाँग टेस्टर घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टार्टरचे सुटे भाग भरा.