मनाचे दुखणे

डोंबिवलीहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर. जलद लोकलनेही तासाहून अधिक वेळ, तोही बहुधा गर्दीत उभ्याने. माणूस घरी येतो तो शिणून. बोलणे राहते, झोप तुटते, जिवाला उबग येतो. अंगात ताप नसतो, म्हणून घरचे म्हणतात, "तुला काय धाड भरलीय?"

आमच्या एकादशीच्या भजनातील एक माळकरी गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची पत्नी गेली. पुढे ते भजनास येईनासे झाले. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाले, "नाम घेतो, पण मन लागत नाही. माझीच भक्ती कमी पडली." आम्ही "जप वाढवा" असे सांगून परतलो. ही आमची चूक झाली. वारीत कोणाच्या पायाला फोड आला तर आपण जप वाढवा म्हणत नाही. पाय धुऊन पट्टी बांधतो. मग मनाच्या फोडाला निराळा न्याय का?

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी अन्नाविना गेली, ते दुःख आणि ती लाज तुकोबारायांनी अभंगांतून उघड सांगितली. मग आपण का लपवावे?

भजनाने मनास उभारी येते, हे खरेच. गाताना श्वास लांबतो, दिवसाला ठरलेली वेळ मिळते आणि "काल का आला नाहीत?" असे विचारणारे कोणी असते. लोकलच्या डब्यातील भजनी मंडळींना हे सांगावयास नको. परंतु सलग दोन आठवडे मन उदास राहिले, झोप किंवा भूक गेली, कशातच गोडी वाटेना, तर डॉक्टरांस दाखवावे. जगणे नकोसे वाटले तर एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, केव्हाही बोलता येते. औषध घेतल्याने माळेस बाध येत नाही.

त्या गृहस्थांनी पुढे उपचार घेतले. प्रथम ते टाळ न घेता नुसते दाराशी बसत. आता चाल धरतात.

येत्या एकादशीस भजनात कोणाची जागा रिकामी दिसली, तर त्याच्या घरी जावे. जप किती झाला हे विचारू नये. झोप लागते का, एवढेच विचारावे, आणि थोडे बसावे.

रामकृष्णहरि.