दोनदा दिवाळे आणि मग नगराध्यक्षपद : मिशेल गोल्डवॉटर यांचे व्यापारी चरित्र

व्यापाऱ्याचे चरित्र म्हटले की बहुधा शून्यातून कोट्यधीश झालेल्या माणसाची गोष्ट छापली जाते. पहिले पाऊल, दुसरे पाऊल, मग यश. असल्या गोष्टी वाचून गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण त्याला रोज भेडसावणारे प्रश्न, म्हणजे अडकलेली उधारी, उशिरा येणारा माल आणि गिऱ्हाइकाची वाट बदलणे, त्यात नसतातच. म्हणून या वेळी आम्ही असा एक व्यापारी निवडला आहे, ज्याला वयाच्या पन्नाशीपर्यंत स्थैर्य म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. दोनदा त्याचे दुकान बुडाले, एक शाखा बंद करावी लागली, एक बाजारपेठ नदीने हिरावून घेतली. तरीही चौसष्टीच्या घरात तो एका लहान गावाचा नगराध्यक्ष झाला.

त्याचे नाव मिशेल गोल्डवॉटर. जन्म १८२१ चा, कोनिन या गावचा. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. घर यहुदी, आईबाप सराय चालवीत, मुलेबाळे भरपूर. झारच्या फौजेत सक्तीची भरती होत असे, आणि यहुदी घरातील तरुणांना तिची धास्ती अधिक. मिशेलने तरुणपणीच गाव सोडले आणि पॅरिस गाठून शिवणकाम धरले. १८४८ साली तेथे क्रांती झाली, धंद्याची घडी विस्कटली, तेव्हा तो लंडनला गेला. तेथे १८५० मध्ये सारा नेथन हिच्याशी लग्न झाले. गोल्डवासर या आडनावाचे गोल्डवॉटर झाले तेही इंग्लंडात. मुलगी झाली, १८५२ च्या सुरुवातीला मुलगा मॉरिस झाला. सुईदोऱ्यावर संसार चालला होता. इतक्यात धाकटा भाऊ जोसेफ कॅलिफोर्नियातील सोन्याच्या बातम्या घेऊन मागे लागला.

सारा हुशार होती. आधी तुम्ही जाऊन या, जम बसला की मी मुलांना घेऊन येते, असा तिचा पवित्रा. तिची ही सावधगिरी पुढे फार उपयोगी पडली. १८५२ मध्ये दोघे भाऊ न्यूयॉर्कमार्गे निघाले आणि मध्य अमेरिकेतील निकाराग्वा ओलांडून सान फ्रान्सिस्कोला पोचले. तेथून सोनोरा या खाणगावी.

येथे पहिला मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. मिशेल सोने खणायला गेला नाही. खाणीवर गेलेल्या हजारोंपैकी थोड्यांनाच सोने सापडते, पण पीठ, कुदळ, बूट आणि कांबळे हजारोंना लागते. हे गणित त्याने ओळखले. अडचण एवढीच की दुकान भरायला भांडवल नव्हते. म्हणून त्या दोघांनी कमी पैशात सुरू होणारा धंदा धरला, तो दारूच्या गुत्त्याचा. तोही कुंटणखान्याच्या खालच्या मजल्यावर. हा धंदा आमच्या वाचकांना रुचणार नाही आणि आम्हालाही रुचत नाही, पण चरित्र लिहायचे तर जे घडले ते गाळून चालत नाही. सारालाही ते गाव रुचले नाही. १८५४ मध्ये ती मुलांना घेऊन आली खरी, पण काही वर्षांनी तिने मुलांसह सान फ्रान्सिस्कोत बिऱ्हाड केले. पुढील आयुष्यात नवरा वाळवंटात आणि बायकामुले शहरात असेच बरेचसे चालले. खाणीवरचे सोने ओसरू लागले, गिऱ्हाईक पांगले आणि सोनोरातील धंदा बुडाला.

मग लॉस एंजेलिस. तेव्हा ते एक धुळकट लहान गाव होते. तेथे बेला युनियन हॉटेलात भावांनी पुन्हा बस्तान बसवले. पण गावातील धंदा दोन कुटुंबांना पुरेना. तेव्हा मिशेलने गाडी घेतली, त्यात सुया, दोरे, कपडे, भांडी असला किरकोळ माल भरला आणि वाळवंट ओलांडून हीला नदीकाठच्या खाणवस्त्यांवर फेरी सुरू केली. सव्वासहा फूट उंचीच्या या माणसाला लोक ‘बिग माइक’ म्हणू लागले. आपल्याकडे बाजाराबाजाराला कापडाचे गाठोडे घेऊन फिरणारे जे व्यापारी पाहिले आहेत, त्यांना या फेरीचा अर्थ वेगळा सांगायला नको. फेरीवाल्याला एक गोष्ट दुकानदाराच्या आधी कळते : मागणी कोठे सरकते आहे. १८६१ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. पण १८६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दुकानाची देणी डोईजड झाली आणि दुसऱ्यांदा दिवाळे निघाले.

वय एक्केचाळीस, डोक्यावर कर्ज, पदरी मुले. नेमके त्याच साली कोलोरॅडो नदीकाठी ला पाझ येथे सोने सापडल्याची बातमी आली. मिशेल तेथे गेला, पण मालक म्हणून नव्हे. बर्नार्ड कोन नावाच्या व्यापाऱ्याच्या हाताखाली तो काम करू लागला. काल ज्याच्या नावाची पाटी होती त्याने आज दुसऱ्याच्या दुकानात माल मोजायचा, हे सोपे नसते. आमच्या माहितीत अशी माणसे आहेत जी दिवाळे निघाल्यावर घरी बसली, कारण नोकरी करण्याची लाज वाटली. मिशेलला ती वाटली नाही. काही वर्षांतच तो त्या धंद्यात भागीदार झाला आणि पुढे तो धंदा गोल्डवॉटर बंधूंच्या हाती आला.

ला पाझचा व्यापार कसा चाले ते जरा तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण खरी शिकवण तेथे आहे. माल सान फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघे. ते जहाज बाजा कॅलिफोर्नियाचे लांबच लांब टोक वळसा घालून कोलोरॅडो नदीच्या मुखाशी येई. तेथे माल उथळ नदीत चालणाऱ्या आगबोटींवर चढे आणि प्रवाहाविरुद्ध वर येई. ला पाझच्या धक्क्यावर उतरला की बैलांच्या किंवा खेचरांच्या मोठ्या गाड्यांत भरून शंभर मैलांहून जास्त अंतरावरील प्रेस्कॉटकडे व लष्करी ठाण्यांकडे रवाना होई. म्हणजे एका पोत्याची तीनदा चढउतार. खरेदीचे पैसे गुंतले ते विक्री होऊन परत यायला महिनेच्या महिने लागत. गिऱ्हाईक खाणवाला, तो सोन्याचा चुरा तोलून देई, किंवा पुढच्या वेळी देतो म्हणे. एकीकडे शहरातील घाऊक व्यापाऱ्याची उधारी, दुसरीकडे खाणवाल्याची उधारी. दुकानदार या दोन उधाऱ्यांच्या मधोमध उभा. ज्याला हा मधला काळ निभावता आला तो टिकला. नफा किती टक्के हा प्रश्न त्या बाजारात दुय्यम होता, पैसा किती दिवसांनी फिरतो हा मुख्य. लहान व्यापाराचे पुस्तक आजही याच पानावर उघडते.

इतके जमवल्यावर नदीनेच दगा दिला. कोलोरॅडोने पात्र बदलले आणि ला पाझचा धक्का पाण्यापासून दूर पडला. आगबोट गावाला लागेना. एस.टी. स्टँड हलला किंवा हमरस्ता गावाबाहेरून गेला की जुन्या पेठेची काय दशा होते, हे आपण पाहतोच. पुष्कळ दुकानदार आशेवर बसून राहतात. गोल्डवॉटर बंधूंनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस सगळे उचलून काही मैल खाली, जेथे बोट लागत होती तेथे नेले. त्या वस्तीला हर्मन एरेनबर्ग या खाण-अभियंत्याचे नाव मिळाले. तो मिशेलचा स्नेही होता आणि १८६६ मध्ये त्याचा खून झाला होता.

एरेनबर्गमध्ये मोठे काम मिळाले ते लष्कराला धान्य पुरवण्याचे. येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे लष्कर त्या प्रदेशात कशासाठी होते? तेथील मूळ रहिवाशांना, अपाचे, यावापाई आदी टोळ्यांना, त्यांच्याच जमिनीवरून हटवण्यासाठी. फौजेच्या घोड्यांना लागणारा मका ज्या गाड्यांतून गेला, त्या गाड्यांचा या युद्धाशी संबंध नव्हता असे म्हणता येणार नाही. मिशेलच्या अमेरिकी चरित्रकारांना हा भाग ‘रेड इंडियनांचा उपद्रव’ एवढ्यात आटोपता येतो. आम्हाला तसे करणे योग्य वाटत नाही. स्वतः झारच्या फौजेपासून पळालेला माणूस दुसऱ्या फौजेचा मोदी झाला, ही गोष्ट आहे तशीच नोंदवावी. त्याची किंमतही त्या घराला मोजावी लागली. १८७२ मध्ये प्रेस्कॉटहून परतताना दोघा भावांवर वाटेत हल्ला झाला, जोसेफला गोळ्या लागल्या. तो वाचला.

त्याच साली फिनिक्सला शाखा उघडली. सॉल्ट नदीच्या खोऱ्यात प्राचीन होहोकाम लोकांनी खोदलेल्या कालव्यांच्या मार्गाने १८६७ नंतर पुन्हा पाणी फिरू लागले होते आणि गहू पिकत होता. धान्य दुरून आणण्यापेक्षा पिकते तेथेच खरेदी करावे हा विचार बरोबर होता. शाखा विशीतल्या मॉरिसकडे सोपवली. या मुलाने एक शहाणपण केले : लष्करी तारेची लाइन फिनिक्सवरून जावी म्हणून दुकानातली जागा फुकट दिली आणि तारबाबूचे काम स्वतः बिनपगारी पत्करले. तार आली म्हणजे भाव आले, बातमी आली आणि गिऱ्हाईकही आले. तरी १८७५ मध्ये ही शाखा बंद करावी लागली. गाव अजून लहान होते. विचार बरोबर असूनही वेळ चुकू शकते.

१८७६ मध्ये प्रेस्कॉटला दुकान उघडले आणि तेथे मात्र पाय रोवले. पुढच्याच वर्षी ॲरिझोना प्रांताची राजधानी टूसॉनहून पुन्हा प्रेस्कॉटला आली. १८७७ मध्येच रेल्वे यूमा येथे कोलोरॅडो नदीवर पोचली. नदीवरची वाहतूक ओसरली आणि एरेनबर्ग उजाड होऊ लागले. पण गोल्डवॉटर तोवर डोंगरात स्थिर झाले होते. १८७९ मध्ये विटांची पक्की इमारत उभी राहिली. लाकडी खोपट्यांच्या गावात विटांचे दुकान म्हणजे हा माणूस आता जाणार नाही, याची लोकांना मिळालेली हमीच. गाव केवढे? १८८० च्या शिरगणतीत १,८३६ माणसे. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रामपंचायती याहून मोठ्या आहेत.

व्यापारात सारे सुरळीत होते असे मात्र नव्हे. ८ डिसेंबर १८८३ रोजी बिस्बी या तांब्याच्या गावात जोसेफच्या भागीदारीतील ‘गोल्डवॉटर अँड कास्तान्येडा’ दुकानावर दरोडा पडला. खाणीच्या पगाराची रक्कम तिजोरीत असेल असा दरोडेखोरांचा समज होता. ती अजून आलीच नव्हती. गोळीबारात चार माणसे मेली, त्यांत एक स्त्री होती.

१८८५ मध्ये मिशेल प्रेस्कॉटचा नगराध्यक्ष निवडून आला. पण वर्ष पुरे होण्याआधीच त्याने पद सोडले आणि साराकडे सान फ्रान्सिस्कोला निघून गेला. तीस-पस्तीस वर्षे स्वतःच्या हिशोबाने चाललेल्या माणसाला सभेच्या मतांनी चालणे जड गेले असावे, हा आमचा तर्क. गावकी खरी जमली ती मॉरिसला. तो बापाच्याही आधी, १८७९ मध्ये, नगराध्यक्ष झाला होता. पुढील काही दशकांत पुन्हा पुन्हा निवडून येत त्याने एकूण सुमारे वीस वर्षे ते पद सांभाळले. १९१० च्या ॲरिझोना घटना परिषदेचा तो उपाध्यक्षही होता. धाकटा मुलगा बॅरन याने १८९६ मध्ये फिनिक्सला पुन्हा दुकान उघडले. बापाने एकवीस वर्षांपूर्वी जेथे कुलूप लावले होते त्याच गावात. या वेळी ते चालले. बॅरनचा मुलगा बॅरी गोल्डवॉटर १९६४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि लिंडन जॉन्सनकडून हरला.

मिशेल १९०३ मध्ये सान फ्रान्सिस्कोत वारला, सारा दोन वर्षांनी. प्रेस्कॉटचे दुकान मॉरिस पाहत राहिला; तो १९३९ मध्ये गेला.