गरोदरपणातील बदलता तीळ : मेलानोमाची वेळीच ओळख

गरोदरपणात स्त्रीच्या त्वचेचा रंग बदलतो. गालांवर वांग येतो, बेंबीखाली काळसर रेघ उमटते, स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होतो. हे बदल संप्रेरकांमुळे घडतात व निरुपद्रवी असतात. परंतु याच काळात एखाद्या तिळाचे रूप पालटू लागले, तर तेही ‘दिवस गेल्यामुळेच’ असे मानून ‘बाळंतपण झाल्यावर पाहू’ म्हटले जाते. हा विलंब जिवावर बेतू शकतो.

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. ऑस्ट्रेलिया, स्वीडन यांसारख्या देशांत गरोदरपणी आढळणाऱ्या प्रमुख कर्करोगांत त्याची गणना होते. भारतात तो विरळ आहे. मात्र आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उद्भवतो आणि काट्याचा किंवा ठेचेचा डाग समजून दुर्लक्षिला जातो.

त्याच्या खुणा कोणासही ध्यानात ठेवता येतील अशा आहेत. 1985 साली न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉक्टरांनी चार खुणा सांगितल्या : तिळाचे दोन अर्धे भाग परस्परांशी न जुळणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंग दिसणे आणि व्यास 6 मिलिमीटरहून अधिक असणे. 2004 साली पाचवी खूण जोडली गेली, ती म्हणजे तिळात होत जाणारा बदल. पोट व स्तन ताणले गेल्याने तेथील तीळ किंचित रुंदावतात, हे स्वाभाविक आहे. परंतु रंग बदलणे, खाज सुटणे, रक्त येणे किंवा नखाखाली काळी रेघ रुंदावत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्रसूतीची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा तिळाला चुना लावणे किंवा केसाने बांधणे कटाक्षाने टाळावे.

संशयास्पद तीळ तेवढ्या जागेस भूल देऊन काढता येतो व गरोदरपणातही ही शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करता येते. गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे, यावर पुढील उपचार मुख्यतः ठरतात. रोगाची अवस्था सारखी असेल, तर गरोदरपणामुळे परिणाम अधिक वाईट होतो असे बहुतेक अभ्यासांत आढळलेले नाही. गर्भपात केल्याने रोग आटोक्यात येतो, या समजुतीलाही आधार नाही. रोग पसरला असल्यास मात्र कर्करोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. 2011 पासून उपलब्ध झालेली प्रतिकारशक्तीवर आधारित औषधे वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतात. क्वचित रोगही वारेत पसरतो. म्हणून अशा मातेची वार प्रयोगशाळेत तपासावी व बाळावर लक्ष ठेवावे. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या मातेला बाळास अंगावर पाजण्यास सहसा अडचण नसते. औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बाळंतिणीला रोज तेल लावणाऱ्या बाईला तिची पाठ व तळपाय सहज दिसतात. तिलाही या खुणा सांगून ठेवाव्यात. वेळीच ओळखलेल्या मेलानोमास बहुधा एक लहान शस्त्रक्रिया पुरते. पसरलेल्या रोगाचे उपचार दीर्घ व सामान्य कुटुंबाला न पेलणारे असतात. म्हणूनच तपासणीसाठी दिलेल्या देणगीचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे बाळाला त्याची आई लाभते.