विद्यार्थ्यांची मनोवृत्ती आणि आपत्तीची तयारी

आपल्या शाळांतून 'आपत्ती व्यवस्थापन' हा विषय शिकवला जातो आणि त्यात गुणही चांगले मिळतात. परंतु 'हे आपल्या गावी घडणार नाही' ही मनातली समजूत उत्तरपत्रिकेत कोणी तपासत नाही. माझ्या मते खरी तयारी तिथेच अडते.

जपानमधील कामाइशी या किनाऱ्यावरील शहराचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. खाडीच्या तोंडाशी भला मोठा बंधारा, त्यामुळे लोक निर्धास्त. प्राध्यापक तोशिताका कातादा हे 2011 पूर्वी काही वर्षे तेथील शाळांत त्सुनामीविषयी शिकवीत होते. भूकंप झाल्यास काय कराल, असे विचारता पुष्कळ मुलांची उत्तरे आई-वडिलांची वाट पाहण्याची होती. कातादांनी ती उत्तरे घरी पाठवून पालकांनाच विचारले, 'अशाने तुमचे मूल वाचेल काय?'

त्यांची पहिली शिकवण होती, धोक्याच्या नकाशावर विसंबू नका. (आपले किल्लारीही नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते; 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण विसरलेलो नाही.) दुसरी, त्या क्षणी शक्य ते सर्व करा. तिसरी, सर्वांच्या आधी तुम्ही पळा. ही तिसरी सर्वांत अवघड, कारण पहिल्याने पळणाऱ्याला लोक हसतील ही लाज.

11 मार्च 2011 रोजी दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. उनोसुमाई भागातील माध्यमिक शाळेची मुले धावत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुले तिसऱ्या मजल्यावर जमली होती. मोठ्यांना पळताना पाहून तीही निघाली. दोन्ही शाळा नकाशाच्या धोकारेषेबाहेर होत्या, आणि दोन्ही बुडाल्या. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून मुले लहानग्यांचे हात धरून आणखी वर गेली. मग आणखी वर.

शहरात हजारावर माणसे मृत्यू पावली वा बेपत्ता झाली. सुमारे 3000 शाळकरी मुलांपैकी मात्र 5 सोडून सर्व वाचली. याला लोक चमत्कार म्हणू लागले. मला तो शब्द पटत नाही, तो मुलांचे श्रम पुसून टाकतो.

त्या किनाऱ्यावर जुना शब्द आहे 'तेंदेंको', म्हणजे ज्याने त्याने आपापले पळावे. ऐकायला निष्ठुर वाटतो. पण मूल घरी थांबलेले नाही, ते पळाले असेल, असा विश्वास आईला असेल तरच ती त्याला शोधायला पाण्याकडे परत फिरत नाही.