गिटार एक, वाटा दोन



१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 'बीटल्स' या इंग्लिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. श्रोते होते ५५,००० हून अधिक. रंगमंचावर गिटारींसाठी १०० वॅटचे अँप्लिफायर ठेवले होते आणि गाणे स्टेडियमच्या कर्ण्यांतून ऐकवले जात होते. श्रोत्यांच्या आरोळ्यांत वादकांना स्वतःचे वाजवणेसुद्धा धड ऐकू येईना!

मोठ्या कार्यक्रमात गिटारचा आवाज दोन ठिकाणी पोहोचावा लागतो : वादकाच्या कानाशी आणि शेवटच्या रांगेतील श्रोत्याच्या कानाशी. पहिल्या कामासाठी वादकाच्या मागे स्पीकरचे लाकडी खोके असते. त्याला कॅबिनेट म्हणतात. दुसऱ्यासाठी सभागृहाची ध्वनिवर्धन यंत्रणा, म्हणजेच 'पी. ए.', असते. आता गिटारला जोडलेल्या एकाच यंत्रातून या दोन्हींकडे वाटा काढता येतात. मात्र वाट कोठे फोडायची, हे पदार्थविज्ञानच ठरवते.

तारेपासून विजेपर्यंत

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ आणि सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० हर्ट्झ असते. त्यांच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही उमटतात. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे ताणले, तर लहरींचे माथे छाटले जातात आणि उपस्वरांची आणखी भर पडते. हा खरखरीत आवाज रॉक संगीतात मुद्दाम हवा असतो.

कॅबिनेट ही एक चाळणी

उपस्वरांची ही गर्दी जशीच्या तशी ऐकली, तर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाटेल. तसे होत नाही याचे श्रेय कॅबिनेटला. त्यातील स्पीकर बहुधा ३० सेंटिमीटर व्यासाचा असतो. सुमारे ५,००० हर्ट्झपेक्षा अधिक कंप्रतेचे स्वर तो फारच क्षीण करतो. म्हणजे गिटारचे कॅबिनेट केवळ आवाज बाहेर टाकत नाही, तर तो चाळूनही घेते. पी. ए. चे स्पीकर याच्या उलट असतात. माणसाला ऐकू येणारे बहुतेक सर्व स्वर शक्य तेवढे इमानाने पोहोचवणे हे त्यांचे काम.

पूर्वी कॅबिनेटपुढे मायक्रोफोन ठेवून चाळलेला आवाज पी. ए. कडे नेत, आजही अनेक जण तसेच करतात. परंतु १९९० नंतरच्या दशकात 'मॉडेलर' नावाची यंत्रे आली. अमेरिकेतील 'लाइन ६' या कंपनीचा 'पॉड' १९९८ मध्ये निघाला आणि लोकप्रिय झाला. असे यंत्र गिटारचा विद्युत् दाब सेकंदाला हजारो वेळा, उदाहरणार्थ ४८,००० वेळा, मोजते. मग त्या आकड्यांवर गणित करून अँप्लिफायरची, कॅबिनेटची आणि त्यापुढील मायक्रोफोनचीही नक्कल करते.

वाट कोठे फोडावी?

समजा, ८,००० हर्ट्झचा एक उपस्वर आहे आणि कॅबिनेट त्याचा आयाम १/१० करते. मॉडेलरमध्ये कॅबिनेटची नक्कल चालू ठेवून तोच संदेश खऱ्या कॅबिनेटला दिला, तर काय होईल? नक्कल त्याला १/१० करील आणि खरे कॅबिनेट पुन्हा १/१०. उरेल १/१००! आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा दबलेला येईल. उलट नक्कल बंद करून तो संदेश पी. ए. ला दिला, तर उपस्वर मुळीच चाळला जाणार नाही आणि श्रोत्यांच्या कानांत कर्कश भणभण शिरेल.

नियम असा : प्रत्येक वाटेवर चाळणी एकदाच लागली पाहिजे, दोनदाही नाही आणि शून्य वेळाही नाही. म्हणून अँप्लिफायरच्या नकलेनंतर, पण कॅबिनेटच्या नकलेपूर्वी, वाट फोडावी.

पहिली वाट : शक्तिवर्धक, मग खरे कॅबिनेट.
दुसरी वाट : कॅबिनेटची नक्कल, मग मिक्सर, मग पी. ए.

मॉडेलरची मुख्य कळ फक्त पहिल्या वाटेला लागू करावी. मग वादकाने स्वतःपुरता आवाज वाढवला, तरी सभागृहातील आवाज तेवढाच राहतो.

पहिल्या वाटेवर शक्तिवर्धक कशाला? मॉडेलरमधून साधारण १ व्होल्टचा संदेश निघतो असे धरा. कॅबिनेटचा रोध ८ ओहम असेल, तर शक्ती = व्होल्टचा वर्ग ÷ रोध = १/८ वॅट. एवढ्याने ढोलताशासारख्या दणदणाटापुढे निभाव लागायचा नाही. ५० वॅट हवे असतील, तर ५० × ८ = ४०० चे वर्गमूळ, म्हणजे २० व्होल्ट लागतील. शिवाय मॉडेलरमध्ये एवढा प्रवाह पुरवण्याची कुवत नसते. ते काम शक्तिवर्धकाचे.

घूंऽऽ आवाज आणि एक धोका

दोन वाटा जोडताच कधीकधी ५० हर्ट्झचा, किंवा त्याच्या पटीतला, घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. मॉडेलरचे भूयोजन रंगमंचावरील सॉकेटमधून होते, मिक्सरचे दूरच्या सॉकेटमधून. दोघांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीमुळे एक मोठे वेटोळे पूर्ण होते. आजूबाजूच्या वीजतारांचे चुंबकीय क्षेत्र त्यात प्रवाह निर्माण करते. पाहा, गिटार ज्या नियमाने बोलते, त्याच नियमाने ही घूंघूं होते!

यावर उपाय म्हणजे समतोल केबल. तिच्या दोन तारांतून +स आणि −स असे उलट संदेश जातात. वाटेत दोन्हींत सारखाच गोंगाट ग मिसळतो. मिक्सर वजाबाकी करतो : (स + ग) − (−स + ग) = २स. गोंगाट नाहीसा! तरी आवाज उरलाच, तर मध्ये डी. आय. पेटी जोडून तिच्या बटणाने संदेशाच्या केबलची जाळी एका टोकाला तोडतात.

पण भिंतीतील सॉकेटच्या भूयोजनाची पिन मात्र कधीही काढू नका. गिटारच्या तारा केबलच्या जाळीशी जोडलेल्या असतात. एक उपकरण सदोष असेल आणि त्याचे भूयोजन तुटले असेल, तर एक हात गिटारवर आणि दुसरा मायक्रोफोनवर ठेवणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह वाहू शकतो. 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे, भर कार्यक्रमात, भूयोजन नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. घूंघूं सहन करता येते. तुटलेले भूयोजन माफ करीत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातही हे ध्यानात ठेवा.

करून पाहा

बॅटरीवरचा रेडिओ लावा. स्पीकरवर जाड चादरीची एक घडी धरा, मग दोन, मग चार. 'स' आणि 'श' ही अक्षरे आधी पुसट होतात, गाण्यातला ठेका मात्र बराच टिकतो. का, याचा विचार करा.

आता एक उदाहरण सोडवा. पी. ए. चे स्पीकर कॅबिनेटच्या ३.४३ मीटर पुढे आहेत. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर समोरच्या श्रोत्याला कॅबिनेटचा आवाज किती उशिरा ऐकू येईल? उत्तर १/१०० सेकंद आले, तर तुमचे गणित बरोबर आहे. आता पी. ए. चा संदेश किती थांबवून पाठवला म्हणजे दोन्ही आवाज एकदम पोहोचतील, ते तुम्हीच सांगा.